मुलांना स्वतःबद्दल लिहायला कसं शिकवावं: तिसरी ते पाचवीच्या वर्गासाठी टप्प्याटप्प्याने

फळ्यावर 'माझी दिवाळी' लिहून अर्धा तास दिला की वह्यांत काय येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. 'दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. आम्ही फराळ करतो. मला दिवाळी खूप आवडते.' माझ्या वर्गात एका वर्षी २८ वह्यांत हीच दिवाळी होती. त्यातल्या एका मुलीच्या घरी त्या दिवाळीत करंज्या तळताना कढई कलंडली होती आणि आजीचा पाय भाजला होता. मधल्या सुट्टीत तिने मला ते सगळं हातवारे करून सांगितलं. वहीत मात्र तिलाही दिवाळी खूप आवडत होती.

तिला लिहिता येत होतं आणि आठवतही होतं. चूक माझ्या क्रमात होती. विषय दिला की लगेच वाक्यं मागायची, हा आपला नेहमीचा रिवाज. मुलाला आधी आठवायला, मग कुणाला तरी सांगायला आणि त्यातलं एक निवडायला वेळ मिळत नाही, म्हणून ते पाठ असलेली वाक्यं लिहून मोकळं होतं. दुसरा घोटाळा 'आत्मवृत्त' या शब्दाचा. शाळेत त्या नावाखाली दिला जाणारा 'मी फाटकं पुस्तक बोलतोय' हा काल्पनिक निबंध आहे. तो वरच्या वर्गात जरूर घ्या, पण त्यातून मूल स्वतःकडे बघायला शिकत नाही.

खालचा क्रम ३५ मिनिटांच्या साधारण नऊ-दहा तासिकांचा आहे. आठवड्याला तीन धरल्या तर तीन-साडेतीन आठवडे लागतात. वर्ग जोडून असतील तर पहिली-दुसरीची मुलं पाचव्या टप्प्यापर्यंत येतील आणि चित्रावर थांबतील. तेवढंही पुष्कळ आहे.

## आधीची तयारी

प्रत्येकासाठी एक स्वतंत्र वही घ्या, साधी एकरेघी. गृहपाठाची नको आणि शुद्धलेखनाची तर नकोच. ही वही शेवटपर्यंत वर्गातल्या कपाटात राहील, घरी जाणार नाही. घरी गेली की दादा-ताई किंवा शिकवणीच्या बाई ती 'सुधारून' देतात आणि मुलाचं वाक्य कायमचं जातं.

आपण स्वतः एक पान लिहा. आठ-नऊ वर्षांचे असताना घडलेला एखादा लहानसा प्रसंग, ज्यात आपण घाबरलो, खोटं बोललो किंवा चुकलो असा. बक्षीस मिळाल्याची गोष्ट सांगाल तर सगळा वर्ग बक्षिसंच लिहील.

मग हजेरीपट समोर घेऊन बसा. कुणाचे आई-वडील ऊसतोडीला जातात आणि मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं, कुणाच्या घरी मृत्यू झालाय, कुणाच्या घरात मराठी बोलली जात नाही, हे आपल्याला आधी माहीत हवं. 'आई-बाबांसोबतची सहल' हा विषय वर्गातल्या चार-पाच मुलांना तिथल्या तिथे गप्प करतो. 'माझा वाढदिवस'ही तसाच. आपल्याकडे कितीतरी मुलांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना तीच लिहिली गेली. घरी वाढदिवस होतच नाही. मग मूल शेजारच्या बाकावरचा केक आपल्या वहीत आणतं.

वेळ निवडताना ऊसतोडीचं वेळापत्रक बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा पाठ घेतला तर पूर्ण पट हाताशी असतो.

तपासा: वह्या आल्या का? आपलं पान लिहून झालं का? कोणाला कोणता विषय टोचेल हे लक्षात आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असल्याशिवाय सुरू करू नका.

## १. आपली गोष्ट तोंडी सांगा

लिहिलेलं पान वाचून दाखवू नका, सांगा. मी रॉकेलची गोष्ट सांगते. रेशनच्या दुकानातून येताना बांधावर पाय घसरला आणि डबा सांडला. घरी येऊन मी सांगितलं की दुकानातलं रॉकेल संपलं. आईने माझ्या फ्रॉकचा वास घेतला. इथे मी थांबते.

मग मुलं सुटतात. 'बाई, मार बसला का?' 'फ्रॉक कुठला होता?' 'डबा परत भरून आणला का?' 'तुमच्यासोबत कोण होतं?' हे प्रश्न फळ्यावर लिहा आणि नंतर एका मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावा. पुढे चौथ्या टप्प्यात मुलं हेच प्रश्न एकमेकांना विचारणार आहेत. ऐकणाऱ्याला काय जाणून घ्यायचं असतं हे त्यांना तुमच्या गोष्टीवरून कळलेलं असतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

## २. आठवणी गोळा करा

'तुमच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग' असं म्हणू नका. आठ वर्षांच्या मुलाला अविस्मरणीय म्हणजे काय ते समजत नाही, आणि समजलं तर ते काहीतरी मोठं शोधत बसतं. हाताला लागेल असं काहीतरी द्या.

माझ्या अनुभवात सगळ्यांत चांगली चालते ती अंगावरची खूण. हात, गुडघा, कपाळ, पाऊल. विळा लागलेला असतो, सायकलच्या चेनमध्ये बोट गेलेलं असतं, चुलीतला निखारा उडालेला असतो. खूण नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही. 'ही कशाची?' एवढं विचारलं की गोष्ट आपोआप सुरू होते. एक नियम मात्र आधीच सांगा: उघड्या दिसणाऱ्या अंगावरचीच खूण, कपडे बाजूला करून काहीही दाखवायचं नाही.

खुणेखेरीज दोन विषय पुरतात. हरवलेली किंवा फुटलेली वस्तू. आणि पहिल्यांदा एकट्याने केलेलं काम, म्हणजे दुकानात जाणं, शेळ्या राखणं, धाकट्या भावाला दिवसभर सांभाळणं, एसटीत एकटं बसणं.

प्रत्येकाने वहीत पाच आठवणी लिहायच्या, एकेका आठवणीला दोन-तीन शब्द. वाक्य नको. 'विळा – डावं बोट.' 'चप्पल ओढ्यात.' झालं.

साल विचारू नका. 'अंगणवाडीत होते तेव्हा', 'ताईचं लग्न झालं त्या वर्षी', 'विहीर आटली होती तेव्हा' हेच मुलांचं कॅलेंडर आहे. तसंच लिहू द्या.

तपासा: एकाच बाकावरच्या दोघांच्या यादीत तेच शब्द दिसले तर रागावू नका. दोघांना वेगवेगळं बोलवा आणि तोंडी विचारा. बहुतेक वेळा एकाला सुचलेलं नसतं, एवढंच.

## ३. एक निवडा आणि लहान करा

मुलं नेहमी मोठं निवडतात: मामाच्या गावची महिनाभराची सुट्टी, सबंध जत्रा. त्यांना एकच प्रश्न विचारा: 'हे घडायला किती वेळ लागला?' उत्तर दिवसांत आलं तर आठवण मोठी आहे. शाळेच्या एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत मावली तर बरोबर आहे.

'मामाच्या गावाला' याचं 'विहिरीत पहिली उडी' झालं, आणि त्याचंही 'काठावर उभा होतो तेवढा वेळ' झालं की थांबा. एवढ्याशा वेळेत एक पान भरतं यावर मुलांचा विश्वास बसत नाही. आपणही आत्ता समजावत बसायचं नाही.

## ४. जोडीत दोनदा सांगा

एकाने तीन मिनिटं सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि भिंतीवरच्या प्रश्नांतला एक तरी विचारायचा. मग अदलाबदल. त्यानंतर जोड्या बदला आणि तीच गोष्ट नव्या जोडीदाराला पुन्हा सांगायला लावा. दुसऱ्या वेळची गोष्ट पहिलीपेक्षा हमखास चांगली होते. समोरचा कुठे पुढे सरकून ऐकत होता आणि कुठे त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं, हे मुलाने पाहिलेलं असतं.

सांगताना भाषा घरची. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, पावरी, गोंडी, जी असेल ती. इथे उच्चार किंवा शब्द दुरुस्त केला की पुढचं वाक्य येत नाही. ऐकणाऱ्यासाठी एकच बंधन: 'माझं पण असंच झालं होतं' म्हणून मध्येच आपली गोष्ट सुरू करायची नाही.

सावधान: वेळ कमी पडला की शिक्षक हाच टप्पा गाळतात. वाटल्यास शेवटची सजावट गाळा, हा नको. न सांगता लिहायला बसलेलं मूल पुन्हा 'मला खूप आवडते'कडे जातं.

## ५. चार चौकटी

पान दोनदा दुमडून चार चौकटी करा. प्रत्येकीत रेघांच्या माणसांचं चित्र आणि खाली दोन शब्द. दहा मिनिटं पुरे. रंग काढू नका, नाहीतर तासिका रंगवण्यात जाते.

मग पहिली चौकट पाहा. निम्म्या वर्गाच्या पहिल्या चौकटीत मूल झोपेतून उठून दात घासत असतं. ती चौकट हाताने झाकायला सांगा आणि विचारा, 'आता गोष्ट कळते का?' कळत असेल तर दुसरीपासून सुरुवात करायची.

## ६. पहिला खर्डा

वीस मिनिटं शांतता. तुम्हीही मुलांबरोबर सतरंजीवर बसून लिहा. आधी तीन गोष्टी सांगा. फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं. खोडरबर वापरायचा नाही, नको ते एका रेघेने कापायचं. अडलेला शब्द ऐकू येतो तसा लिहायचा आणि त्याच्याखाली रेघ ओढायची. 'बाई, हा शब्द कसा?' याचं उत्तर या वीस मिनिटांत द्यायचं नाही.

फळ्यावर नमुन्याचं पहिलं वाक्य लिहू नका. 'तो दिवस मला आजही आठवतो' असं एकदा लिहाल तर सगळ्या वह्या तशाच सुरू होतील. मी हे केलंय, आणि ते वाक्य काढून टाकायला मला पुढच्या दोन तासिका लागल्या.

ज्यांचं लेखन अजून सुटलेलं नाही त्यांना शेजारी बसवून सांगायला लावा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे तुम्ही लिहा. ते म्हणाले 'म्या पळालो' तर 'म्या पळालो'. मग मूल ते स्वतः वाचतं आणि खाली उतरवतं. आपलंच बोलणं असल्याने वाचायला सोपं जातं.

### वहीत जड गोष्ट आली तर

ती येतेच. म्हणून लिहायला बसण्याआधीच वर्गाला सांगा: 'वही मी वाचणार आहे. कुणाला त्रास होतोय असं दिसलं तर मदत करू शकणाऱ्या माणसाला मी सांगणार आहे.' 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही.

घरातल्या मृत्यूबद्दल लिहिलं असेल तर तपशिलाचे प्रश्न विचारू नका. 'तू हे लिहिलंस, मी वाचलं' एवढं म्हणा. पुढे लिहायचं की नाही ते मूल ठरवेल.

मारहाण किंवा दारूबद्दल असेल तर ती वही वडिलांना दाखवायची नाही. त्याचे घाव त्याच रात्री मुलावर पडतात. मुख्याध्यापकांशी बोला आणि गरज पडली तर १०९८ वर फोन करा. तो क्रमांक मुलांसाठीच आहे आणि मोफत आहे. लैंगिक अत्याचाराचं काही समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आपापसात मिटवायची ती बाब नाही. मुलाची उलटतपासणी घेऊ नका. त्याने वापरलेले शब्द तारखेसह तसेच लिहून ठेवा.

## ७. एका जागी थांबा आणि वाढवा

सगळ्या पाठाचा जीव या टप्प्यात आहे, म्हणून इथे दोन तासिका द्या, जमल्यास तीन.

चौथीतल्या एका मुलीने लिहिलं होतं:

'मी शेळ्या घेऊन गेले. एक शेळी हरवली. मला भीती वाटली. मग ती सापडली. मला आनंद झाला.'

पूर्वी मी यावर 'छान' लिहून मोकळी झाले असते. त्याऐवजी विचारलं, 'यातल्या कोणत्या वाक्याला छातीत धडधडलं?' तिने 'हरवली'वर बोट ठेवलं. 'हरवली हे कळलं कसं?' 'मोजल्या. पाच होत्या, चारच भरल्या.' 'एकदाच मोजल्या?' 'नाही, तीनदा. मग बोट लावून.' 'कोणती नव्हती?' 'कान कापलेली.' 'काय ऐकू येत होतं?' 'पलीकडं मोटर चालू होती ना, म्हणून हाकच ऐकू जाईना.' 'मग काय केलंस?' 'बसले.'

डाव्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं:

'मी शेळ्या मोजल्या. चारच होत्या. परत मोजल्या. बोट लावून मोजल्या तरी चारच. कान कापलेली नव्हती. मी हाक मारली पण मोटरीच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. घरी आजीला काय सांगायचं म्हणून मी तिथंच बसले.'

'भीती' हा शब्द तिने स्वतःच कापला. तिथे आता त्याची गरज उरली नव्हती. माझा एकही शब्द त्यात नाही. सगळं तिला आधीपासून माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

ही पद्धत वर्गभर अशी चालवा. प्रत्येकाने आपल्या खर्ड्यात छाती धडधडली त्या वाक्यापाशी चांदणी काढायची. एकच चांदणी, कारण दोन-तीन ठिकाणी वाढवायला गेलं की मूल थकतं. मग जोडीदाराने त्या वाक्याबद्दल विचारायचं: काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, हात काय करत होते, कोण काय बोललं. उत्तरं डाव्या पानावर.

'तुला कसं वाटलं?' हा प्रश्न टाळा. त्याला दोनच उत्तरं येतात, 'आनंद झाला' आणि 'दुःख झालं'. 'तेव्हा हात कुठे होते?' असं विचारा. मूल विचार करतं, हात बघतं आणि खरं सांगतं.

दोन मोह आवरा. एक, आपली विशेषणं घालण्याचा. मुलाने 'मोठं झाड' लिहिलंय तिथे 'विशाल वृक्ष' सुचवू नका. विचारा, 'कशाचं झाड?' तो म्हणेल, 'बाभळीचं.' दुसरा मोह तात्पर्याचा. 'यावरून मला समजले की नेहमी खरे बोलावे' हे वाक्य मुलं आपल्याला खूश करायला लिहितात. ते कापायला सांगा. प्रसंग जिथे संपला तिथे लिहिणं संपवायचं.

तपासा: खर्डा मोठ्याने वाचून घ्या आणि डोळे मिटून ऐका. एक तरी जागा डोळ्यांपुढे उभी राहिली का? नसेल तर आठव्या टप्प्याला हात लावू नका, पुन्हा जोडीत बसवा.

## ८. दुरुस्ती, आणि तीही थोडी

एका लेखात दोनच गोष्टी दुरुस्त करायच्या. पेन्सिलीने, समासात. लाल पेन कपाटात ठेवा.

सर्वांत आधी क्रियापद बघा. कितीतरी मुली 'मी गेलो, मी पडलो' लिहितात, कारण गाईडमधले निबंध मुलाच्या तोंडचे असतात आणि तेच पाठ झालेले असतात. काही भागांत बोलीतही मुली तसं म्हणतात, म्हणून आधी विचारा, 'घरी कसं म्हणतेस?' तिची बोलीच तशी असेल तर राहू द्या. पाठांतराने आलं असेल तर 'मी गेले' तिचं तिला परत मिळू द्या.

दुसरं, 'मग'. सगळ्या 'मग'भोवती गोल काढायला सांगा. एका पानात बारा-पंधरा सहज निघतात. दोन ठेवा आणि बाकीच्यांच्या जागी पूर्णविराम. विरामचिन्हांचा याहून चांगला पाठ मला सापडलेला नाही.

ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलाने स्वतः रेघ ओढलेले शब्दच घ्या. 'केले' की 'केलं' यावर वेळ घालवू नका. एका लेखात एकच पद्धत असली की झालं. आणि अवतरणचिन्हांतल्या बोलण्याला हात लावू नका. आजी 'कुटं व्हतीस गं?' म्हणाली असेल तर तेच राहील. 'तू कुठे होतीस?' केलंत की ती दुसऱ्याच कुणाची आजी होते.

## ९. वाचन आणि दुमडलेलं पान

ज्याला वाचायचंय त्याने वाचावं. ज्याने पानाचा कोपरा दुमडलाय त्याचं पान वर्गासाठी नाही, आणि 'का?' असं विचारायचं नाही. हा नियम एकदा मोडलात तर पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांची दिवाळी सारखी होईल.

ऐकणाऱ्यांनी काय दिसलं तेवढंच सांगायचं: 'मला कान कापलेली शेळी दिसली.' पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही. आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंद करा, जसं 'प्रसंग क्रमाने मांडते. एका जागी थांबून तपशील देते'. रडवणाऱ्या लेखाला जास्त आणि हसवणाऱ्याला कमी श्रेणी देऊ नका. मुलांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी सगळे दुःख लिहून आणतात.

हस्तलिखित काढणार असाल तर मुलाला विचारा, घरीही विचारा. भांडणाच्या गोष्टीत शेजाऱ्यांचं नाव असेल तर मुलालाच दुसरं नाव शोधायला सांगा. पानांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे गेलेलं पान परत दुमडता येत नाही.

## पाडव्यानंतर येणाऱ्यांसाठी

ज्यांना हा पाठ मध्येच सोडून जावं लागलं त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये दुसरा, चौथा, सहावा आणि सातवा टप्पा पुन्हा घ्या. चार तासिकांत होतं. त्यांना खूण किंवा हरवलेली वस्तू शोधायला लावू नका, त्यांच्याकडे ताजं खूप असतं: रात्री ट्रकमध्ये उसावर बसून केलेला प्रवास, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, शिरलेलं पाणी, फडात बाळाला सांभाळत बसलेली दुपार. वर्गातली कुणी तिथे गेलेली नसतात, त्यामुळे जोडीदाराचे प्रश्न खरे असतात. त्यांची वही मात्र हिवाळाभर कपाटात बाकीच्या वह्यांच्या गठ्ठ्यातच, नाव घालून ठेवा.